मनोहररावांचं आवक रजिस्टर

मनोहरराव सरकारी कचेरीतून आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झाले, हे कचेरीला कळलं. त्यांना स्वतःला अजून कळायचं आहे. घरच्या संगणकावर काहीही डाउनलोड झालं की ते लाल बांधणीचं रजिस्टर काढत. फाइलचं अगम्य नाव अक्षर न् अक्षर उतरवून पुढे लिहीत : कोणाची, कशाची, शेरा.

शेजारच्या मुग्धाला याचं भारी हसू यायचं. "काका, फाइलचं नाव बदलता येते ना!"

"कचेरीनं दिलेला नंबर बदलणारे आपण कोण वं?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता हीच मुग्धा धापा टाकत आली. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी तिनं दोन वर्षं डोळे फोडून अभ्यास केला होता. प्रवेशपत्र आठवड्यापूर्वी याच संगणकावर घेतलं, पण प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून छापायचं राहिलं. आज वेबसाइट उघडत नव्हती. केंद्र बसनं तासाभरावर, बुटीबोरीला, आणि नऊनंतर फाटक बंद.

संगणकात अख्ख्या गल्लीच्या फाइली. सगळ्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं नि आकडे, जुळ्या भावंडांसारखी. त्यात हा संगणक एकेक फाइल उघडायला चहा होईस्तोवर वेळ घ्यायचा. मुग्धाचे डोळे भरले.

"काहून रडून राहिली? रडल्यानं फाइल सापडते का?" मनोहररावांनी रजिस्टर उघडलं. बोट पानावरून खाली सरकत थांबलं. "हं. अनुक्रमांक चारशे बारा. मी सांगतो, तू शोध. डीएल, आठ, चार, सात, फायनल, कंसात तीन."

फाइल उघडली. मुग्धाचाच फोटो, बावरलेला. पण प्रिंटर?

"शेरा वाच," काका म्हणाले.

शेऱ्यात लिहिलं होतं : 'शाई आणणे.' त्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख घालून : 'आणली.'

संध्याकाळी मुग्धा बसमधून उतरली ती घरी न जाता थेट काकांकडे. रजिस्टर उघडंच होतं.

"बोल, शेरा पुरा करू दे."

"पेपर बरा गेला, काका. आणि फाटकावर मी साडेआठलाच होती."

त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. मग मुग्धानं त्यांच्या हातून पेन घेतलं आणि खालच्या ओळीत स्वतः लिहिलं : 'आभार.'

मनोहररावांनी चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ.

"असा बिननंबरचा कागद घेता येत नाही मले," ते म्हणाले, आणि 'आभार'च्या डाव्या बाजूला वळणदार अक्षरात अनुक्रमांक टाकला.