बाबांनी पाणी मागितलं नाही

डिचोलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी सुटायला दहा मिनिटं होती. आईने दिलेली उंड्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसलो होतो. पोदेराकडून सकाळीच आणलेले पाव, अजून कोमट होते. बाबा खाली उभे होते. आपल्या बाबांना बोलायची सवय नव्हती. सुमन, तुला आठवत असेल, तू त्यांच्या छत्रीखाली उभी राहून रडत होतीस. गाडी सुरू झाली तेव्हा ते खिडकीजवळ आले आणि म्हणाले, "थंय हॉटेलांत जेवचें पडटलें. वाडप्याक शुकशुक करूं नाका. तूं पळय, तो पळयतलो."

वाढप्याला शुकशुक करू नकोस, तू बघ, तो बघेल. परगावी जाणाऱ्या मुलाला बापाने एवढंच सांगितलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

मुळगावच्या देवळातल्या जेवणावळीत बाबा वाढपी होते. वर्षभर शेतात राबणारा माणूस त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून वरणाची बादली उचलायचा. आपल्याकडे पंगतीत कुणी वाढप्याला हाक मारत नाही. जेवणाऱ्याने मान वर करायची, एवढं पुरे. वाढपी तीस-चाळीस पानांवरून नजर फिरवत असतो आणि वर झालेली मान त्याला दिसतेच. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. खतखतें, मुगागाठी, शेवटी गोड मणगणें, सगळं एका शब्दाविना वाढलं जायचं. कुणाला हाक मारावी लागली तर बाबांना ती आपली चूक वाटायची. त्या रात्री ते आईला म्हणायचे, "आज एक मान चुकली."

मीही त्यांच्या मागून मिठाचं ताट घेऊन फिरलो होतो. मान ओळखायला मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पुण्यात ज्या ऑफिसच्या भरवशावर गेलो, तिथली जागा आधीच भरली होती. परत यायची लाज वाटली. एका हॉटेलात पंधरा दिवसांसाठी म्हणून वेटर झालो आणि दोन वर्षं राहिलो. घरी लिहिलं, ऑफिसात लागलो. गावात देवासमोर वाढणं हा मान होता. पगारावर लोकांची उष्टी उचलणं म्हणजे काय, ते मला कागदावर लिहिता आलं नाही. पुढे मला खरंच कारखान्यात कारकुनी मिळाली आणि माझं खोटं आपोआप झाकलं गेलं.

त्या दोन वर्षांत लोक मला किती तऱ्हांनी बोलवायचे! चुटकी वाजवून, चमच्याने ग्लास ठोकून, तोंडाने मांजराला करतात तसा आवाज काढून. कुणी "ओ बॉस", कुणी "ए हिरो". एक म्हातारे मास्तर मात्र बोट किंचित वर करून "जरा येता का?" म्हणायचे. त्यांचं टेबल मिळावं म्हणून आम्ही वेटर आपसात भांडायचो. मी कुणालाही हाक मारायची वेळ येऊ देत नसे. मान वर व्हायच्या आधी मी पोचायचो. शेट म्हणायचे, "गोव्याच्या पोराला मागेही डोळे आहेत."

आपल्या शेजारच्या मुलीचं लग्न पुण्यात ठरलं आणि मुलीकडच्यांबरोबर बाबाही आले, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडचे लोक आठ-दहा जणांना जेवायला घेऊन आले, ते नेमके आमच्या हॉटेलात. गावची बाकीची मंडळी शहर बघायला गेली होती, त्यामुळे मला ओळखणारे त्यात एकटे बाबाच होते. मी पाण्याचा जग घेऊन वळलो आणि ते दिसले. टेबलाच्या टोकाला, भिंतीशी. पायाशी आईने शिवलेली निळ्या काठाची पिशवी. संध्याकाळी ते माझ्या खोलीवर येणार होते, तसं पत्र मला मिळालं होतं.

त्यांनी मान वर केली. आमची नजर भेटली. माझ्या अंगावर हॉटेलचा मळका पांढरा कोट होता आणि खांद्यावर फडकं.

मी पाठ फिरवली.

जोडीदाराला म्हटलं, ते टेबल तू कर. पण दुपारची गर्दी, तो एकटा पुरेना. नवऱ्या मुलाच्या काकांनी माझ्याकडे बघून चुटकी वाजवली. "ए, झोपलास का रे? पाणी कोण, तुझा बाप आणणार?" सगळे हसले. मी गेलो. सगळ्यांचे ग्लास भरले आणि टोकाच्या ग्लासापाशी पोचायच्या आत जग रिकामा झाल्यासारखं करून परतलो. जगात पाणी होतं.

त्यानंतर जेवण संपेपर्यंत मी त्या टोकाकडे बघितलं नाही. पण दिसत होतं. मान वर झालेली दिसत होती, पुन्हा खाली गेलेली दिसत होती. भात संपला होता. ग्लास कोरडा होता. काका त्यांना म्हणाले, "अहो, नुसतं बघत काय बसलात? हाक मारा की त्याला!"

बाबा त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "राहू दे. त्यांना खूप टेबलं आहेत."

मला 'त्यांना' म्हणाले. त्यांनी नुसतं "वासू" म्हटलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. ते कोरड्या घशाने उठले आणि गेले.

पिशवी टेबलाखाली राहिली होती. शेटनी विचारलं, ओळखीची आहे का रे कुणाच्या? मी नाही म्हटलं. चार दिवस ती गल्ल्यामागे पडून होती. मग पोरांनी उघडली. आत खाजें होतं, जत्रेतलं, आल्याचं. सगळ्यांनी वाटून घेतलं. मलाही एक कांडी दिली. "कसं आहे?" कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "बरं आहे."

बाबा त्या संध्याकाळी खोलीवर आले नाहीत. घरी त्यांनी सांगितलं की वेळ झाला नाही आणि पिशवी गाडीत हरवली. आईने मला लिहून विचारलं. मी उत्तर पाठवलं, "मी दिवसभर वाट बघितली. बाबा आलेच नाहीत."

हे वाक्य मी शुद्धीवर असताना, चांगल्या अक्षरात लिहिलं.

त्यानंतर आई त्यांना काय काय बोलली, ते तू माझ्यापेक्षा जास्त ऐकलंस. "पुण्याक वचून पोराचें तोंड पळयनासतना आयले तुमी! काळीज आसा काय फातर?" पोराचं तोंड न बघता आलात, काळीज आहे की दगड, असं माझ्यासमोरही बोलायची. बाबा उठून गोठ्याकडे जायचे. पुढच्या वर्षी त्यांनी देवळातली बादली उचलली नाही. डोळे कमी झाले, म्हणाले. त्यांना शेवटपर्यंत झाडावरचा नारळ तयार झालेला खालून कळत होता.

मी सुट्टीला आलो की तेच मला वाढायचे. मी मान वर करायच्या आधीच भात पानात पडलेला असायचा. बघायची वेळच त्यांनी माझ्यावर पुन्हा कधी येऊ दिली नाही. मी जेवत राहिलो. ते गेले तेव्हाही मी हे कुणाला सांगितलं नाही.

आता हॉटेलात गेलो की मी कुणालाच हाक मारत नाही. मान वर करून बसतो. माझी मुलगी वैतागते, "पप्पा, हात तरी वर करा ना!" परवा मोपाहून माझं विमान होतं आणि तू साखळीहून मला सोडायला आलीस, तेव्हा आपण पेडण्यात जेवायला थांबलो. तुझ्या मुलाने टेबलावरच्या चौकोनावर फोन धरला आणि जेवण मागवलं. वाढणाऱ्याने ताटं ठेवली आणि तो वर न बघताच निघून गेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तेव्हा तू सहज बोललीस, "दादा, बाबांक तुजी माया नासलीच. पुण्याक येवन तुका मेळनासतना गेले."

बाबांना माझी माया नव्हतीच, पुण्याला येऊन मला न भेटता गेले. मी ताटातला भात चिवडत राहिलो. विमानात बसल्यावर कळलं की हे आता मी तोंडाने कधीच सांगू शकणार नाही. म्हणून लिहितो आहे.

पुण्यात माझं घर आहे, नाव लावलेलं दार आहे. मुळगावला तू दिवा लावतेस ते घरही माझंच म्हणतात. पण जिथे मान वर केली की कुणीतरी बघतं, तेच घर असेल तर ते मी त्या दुपारी हातातला जग घेऊन, शुद्धीवर असताना मोडलं. आता मी कितीही वेळ मान वर करून बसलो तरी बघणारा राहिलेला नाही. आईला हे सांगायचं राहून गेलं. ती बाबांना दोष देतच गेली. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तो हक्क मला नाही.

तू फक्त त्यांच्याबद्दल तसं पुन्हा बोलू नकोस. ते आले होते, सुमन. माझ्यापासून चार पावलांवर बसले होते आणि त्यांना तहान लागली होती.