बलकावरचा ठिपका

कॉलेजची तीन वर्षं मी रत्नागिरीत आमच्या शाळेतल्या बाईंच्या घरी राहिले. आमची वाडी पालीपासून आत, रोज जाऊन-येऊन कॉलेज जमण्यासारखं नव्हतं. बाई निवृत्त होऊन शहरात राहायला गेल्या होत्या. त्यांनी आपणहून मला बोलावलं, भाड्याचं नाव काढलं नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, ती त्यांच्यामुळे.

आईकडे द्यायला कोंबड्यांची अंडी होती. शनिवार-रविवार घरी राहून सोमवारी मी निघताना ती डब्यात भाताचं तूस घालून त्यात अंडी रचून द्यायची. खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखालचं अंडं तिने कधी कुणाला दिलं नाही. वाडीत तिच्या अंड्यांना मान होता तो त्यासाठीच. तिने स्वतः अंडं खाल्लेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी बाईंनी ऑम्लेटसाठी वाटीत अंडं फोडलं. बलकावर मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग वाटी बाहेर माडाच्या मुळाशी ओतून आल्या. चिडल्या नाहीत.

"आईला सांग, कोंबडीखालची नको पाठवूस. कमी असली तरी चालतील."

आई तसं करत नाही, एवढं मला म्हणता आलं असतं. पण ते लाल मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि अजून दीड वर्ष मला त्याच घरात राहायचं होतं. मी हो म्हटलं.

शनिवारी घरी गेले तेव्हा आई पडवीत तांदूळ निवडत होती. बाईंचा निरोप मी होता तसा सांगितला. तिने कवचाचा रंग विचारला. मी म्हटलं, तांबूस. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं हे तिला बघून कळायचं. तिने सूप खाली ठेवलं.

"मी डब्यात तसलं घातलं असेल असं वाटतं तुला?"

"बाई म्हणतात."

तिने सूप परत हातात घेतलं.

रविवारी तिने ती तांबूस अंड्यांची कोंबडी कापली. साफ करताना पोटातून बलकांचा घोस निघाला. एक मोठा, मग लहान, मग आणखी लहान, आणि प्रत्येकावर केसासारख्या लाल रेघा. आईने तो तळहातावर घेतला. "अजून घालणार होती गो," ती म्हणाली, आणि वड्यांचं पीठ मळायला गेली. मी पोटभर जेवले. सोमवारच्या डब्यात आमसुलं होती. त्यानंतर डब्यात अंडी कधी आली नाहीत. बाईंनीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी तक्ता लावला, त्यावर तोच घोस. बलक पिकला की त्याच्यावरचं आवरण फाटून तो सुटतो. त्या वेळी एखादी बारीक रक्तवाहिनी तुटली तर रक्ताचा थेंब बलकावर राहतो. तपकिरी कण असेल तर तो बहुतेक अंड्याच्या वाटेतल्या मांसाचा. कोंबड्याशी किंवा उबवण्याशी याचा संबंध नाही. काही कोंबड्यांच्या वाणातच ते असतं, काहींना खाणं कमी पडलं की होतं, काहींना घाबरल्यावर. दुकानातली अंडी उजेडावर धरून ठिपक्यांची बाजूला काढतात, म्हणून शहरात ती क्वचित दिसतात. असं अंडं नीट शिजवून खाल्लं तर काही होत नाही.

मी सगळं उतरवून घेतलं. काही वाटलं नाही. वहीला समास आखल्याचं मात्र आठवतं.

आईला सांगितलं तेव्हा ती कोंबड्या कोंडत होती.

"घाबरली तरी होतं?"

"हो."

"त्या आठवड्यात खुराड्यात मुंगूस शिरलेलं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." खुराड्याची फळी लावून ती म्हणाली, "बाईंना सांगशील ना?"

मी हो म्हटलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला मी बाईंकडे फराळ घेऊन जायचे, पाया पडायचे आणि परत यायचे. ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांची चूक कशी काढायची, असं मी स्वतःला सांगत असे.

या मे महिन्यात सांगितलं. बाई आता खूप थकल्या आहेत. चष्मा लावून, तोंडी परीक्षा घेतल्यासारखं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "आईला म्हणावं, अंडी पाठव पुन्हा."

स्टँडवरून मी आईला फोन केला. बाईंचा हाही निरोप होता तसा सांगितला.

"आता एकच कोंबडी आहे," ती म्हणाली. "ती घालते ते मी खाते."

मग तिने विचारलं, गाडी कितीची आहे.