अक्काताईंच्या पोर्चमध्ये वाचलेली पॉलिसी

कसबा बावड्याच्या अक्काताई मगदूम सूर्य मावळल्यावर अन्न घेत नाहीत, पाणीही पीत नाहीत. हा नेम चाळीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी याच नेमापायी त्यांचा आरोग्य विम्याचा दावा फेटाळला गेला.

अक्काताईंचं वय एकसष्ट. घरामागच्या शेडनेटमध्ये त्यांची ऊसरोपांची रोपवाटिका आहे. उसाच्या कांडीतून काढलेला डोळा सत्तर कप्प्यांच्या ट्रेमध्ये, कोकोपीटच्या भुशात, तोंड वर करून बसवायचा असतो. डोळा उलटा पडला तर कोंब उशिरा येतो आणि ट्रे घेणारा शेतकरी गावभर सांगत सुटतो. अक्काताई एक ट्रे चार मिनिटांत भरत. मग संधिवात आला. सकाळी बोटं वळेनात, चहाचा कप दोन तळव्यांत धरावा लागे आणि एका ट्रेला अर्धा तास लागू लागला. दोन वर्षं गोळ्या झाल्या, उपयोग झाला नाही. शेवटी डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सलाइनमधून एक औषध द्यायचं ठरवलं. एका वेळचा खर्च बेचाळीस हजार.

"विमा हाय की," मुलगा सम्मेद म्हणाला. पाच वर्षांपूर्वी गल्लीतल्याच उदयसिंह घाटगे या एजंटाकडून त्यानं सगळ्या घराची पॉलिसी काढली होती.

ऑक्टोबरात पहिलं सलाइन साडेअकराला लागलं आणि चारला संपलं. नर्स म्हणाली, "आता रात्रभर थांबा. विम्याला चोवीस तास लागतात."

"रात्री काय करायचं असतं?"

"नऊला दूध आणि गोळी."

"मी सहानंतर काही घेत न्हाय. मग हितं नुसतं झोपायला कशाला थांबू? झोप घरीबी येती."

सून प्राचीनं समजावून पाहिलं. अक्काताईंनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात असल्याच्या कागदावर सही केली, सुनेच्या स्कूटरवर मागे बसल्या आणि पावणेसहाला घरात भाकरी-आमटी खाऊन मोकळ्या झाल्या. महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता, सबब दावा नामंजूर.

औषध लागू पडलं होतं, ही खरी अडचण. डिसेंबरात बोटं वळू लागली होती. एप्रिलमध्ये पुढचं सलाइन नसेल तर ती पुन्हा आखडतील, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दर सहा महिन्यांनी बेचाळीस हजार खिशातून घालणं मगदूमांना जमणारं नव्हतं.

उदयसिंह घरी आला. चहा पिता पिता त्यानं तोडगा काढला. "काकी, दवाखान्यात माझी वळख हाय. डिस्चार्ज कार्डावर सुट्टीची तारीख दुसऱ्या दिवसाची घालून आणतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"मग पुढच्या खेपेला एक रात्र काढा. सगळ्यांना म्हाईत हाय, चोवीस तास पायजेतच."

"कुठं लिहिलंय?"

"पॉलिसीत."

"तू वाचलीयास?"

उदयसिंहानं बशीतला चहा संपवला. "काकी, ती कोण वाचतंय व्हय?"

अक्काताई वाचतात. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज दुपारी बायकांचं शास्त्रवाचन होतं. त्याची रीत ठरलेली आहे. एकीनं ओळ वाचायची, दुसरीनं अर्थ सांगायचा आणि बसलेल्या शेवटच्या बाईला कळेपर्यंत पुढच्या ओळीवर जायचं नाही. एक ग्रंथ संपायला तीन वर्षं लागली तरी कुणी तक्रार करत नाही. अक्काताईंनी प्राचीला पॉलिसीची छापील प्रत आणायला सांगितली. बहात्तर पानं, सगळी इंग्रजी.

जानेवारीत रोज साडेचारला वाचन सुरू झालं. बस्तीत हा कागद नेणं त्यांना पटलं नाही, म्हणून बैठक घराच्या पोर्चमध्ये. बस्तीतल्या चौघी यायच्या, शिवाय शेजारच्या बायडाबाई. बायडाबाई शास्त्राला कधी बसलेल्या नाहीत, पण इथं चहा होता. प्राची बी.कॉम. आहे, वाचणंही तिचं आणि अर्थ सांगणंही तिचंच.

पहिल्या दिवशी दोन पानं झाली. चौथ्या पानावर अपघाताची व्याख्या आली. "अचानक, अनपेक्षित आणि इच्छेविरुद्ध घडलेली घटना," प्राचीनं सांगितलं.

"म्हंजे माझं लगीन," बायडाबाई म्हणाल्या.

पुढं रुग्णालयाची व्याख्या आली. त्यात कमीत कमी दहा खाटा आणि चोवीस तास देखरेख हवी होती. "खाटा मोजल्या तर आमच्या भावकीचं घरबी दवाखानाच हाय. देखरेख तर इचारूच नगा," बायडाबाईच म्हणाल्या. त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं.

चोवीस तासांचं कलम नवव्या पानावर सापडलं. उदयसिंह खोटं बोलला नव्हता. प्राचीनं फाइल मिटली. "आई, संपलं. आता पुढं वाचून काय उपयोग?"

"अजून त्रेसष्ट पानं हायत. अर्ध्यात सोडायचं नसतं."

एकोणिसाव्या दिवशी, त्रेपन्नाव्या पानावर, चोवीस तास न थांबताही ज्यांचा खर्च मिळतो अशा उपचारांची यादी आली. मोतिबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी. प्राची भराभर वाचत होती. एका ओळीवर ती अडखळली. इंजेक्शनवाटे देण्याची मोनोक्लोनल अँटिबॉडी. ती पुढच्या ओळीवर गेली.

"थांब की," बायडाबाई म्हणाल्या. "त्येचा अर्थ न्हाय सांगितलास."

"काकी, औषधाचा प्रकार असतो कसला तरी."

"कसला?"

"मला नाही माहीत."

"मग पुढं कशी गेलीस? रीत तुमची हाय, माझी न्हवं."

चौघी जैन बायकांनी प्राचीकडं पाहिलं. तिनं दवाखान्याच्या औषध दुकानात फोन लावला. फोन आदर्श नावाच्या फार्मासिस्टनं घेतला. प्राचीनं त्याला ओळ वाचून दाखवली आणि हे काय असतं ते विचारलं.

"अहो वहिनी, तुमच्या सासूबाईंना सलाइनमधून दिलं तेच की! बिलावर औषध कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, प्रकार हा असतो."

प्राचीनं फोन स्पीकरवर टाकून त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. बायडाबाईंना ते दोनदा ऐकायचं होतं.

पत्र दुसऱ्याच दिवशी गेलं. त्यात रडगाणं नव्हतं. पान त्रेपन्न, ओळीचा क्रमांक, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि खाली अक्काताईंची सही. सही त्यांनी स्वतः केली, अक्षर थोडं तिरकं आलं. तेवीस दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. दावा मंजूर. पुढच्या वेळेसाठी आधी कळवल्यास बिल थेट दवाखान्याला दिलं जाईल. प्राचीनं उत्तर वाचलं आणि रीतीप्रमाणे अर्थही सांगितला.

उरलेली एकोणीस पानं मात्र सोडली नाहीत. तीही फेब्रुवारीत वाचून झाली.

उदयसिंह पेढे घेऊन आला. येताना बायडाबाईंसाठी एका नव्या पॉलिसीचा कागदही त्यानं आणला होता. "अवघी चाळीस पानं हायत, काकी," तो म्हणाला.

"बस," बायडाबाईंनी खुर्ची पुढं केली. "वाच. अर्थ सांगत सांगत वाच."

तिसऱ्या पानावर त्याला महत्त्वाचा फोन आला, असं तो म्हणाला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अक्काताई सकाळी साडेसातलाच दवाखान्यात पोचल्या. कंपनीची मंजुरी आदल्या दिवशीच आली होती. दोन वाजता सलाइन संपलं. बोटांत किती ताकद आली ते पाहायला डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली आणि म्हणाले, "आवळा."

अक्काताईंनी आवळली.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"नको, नको," डॉक्टर म्हणाले. "मला अजून वीस पेशंट तपासायचेत."