पाटलीणबाईंच्या लाल बांगड्या

कोंडाबाईचा हात मी दाबून नरम करत होते. हात नरम झाल्याशिवाय काचेची बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकत नाही. तेवढ्या वेळात बाई बोलते. म्हणून कासारणीला गावातलं सगळं आधी कळतं.

"पाटलीणबाईसारख्या लाल भरू?" मी विचारलं.

"आग लाव त्या लालला! साध्या हिरव्या भर."

नेकनूरजवळचं गाव. पाटलांना अर्धांगवायू झाल्यापासून यमुनाबाई पाटलीणच कारभार बघत. आदल्या साली त्यांनी विहिरीतला गाळ काढवला, तेव्हा घरोघरी त्यांच्यासारख्या, पिवळ्या ठिपक्यांच्या लाल बांगड्याच हव्या होत्या. मी माळाच्या माळा आणल्या. मग बाईंनी हुकूम काढला. जनावरं विहिरीवर आणायची नाहीत, पाणी शेंदून लांबच्या हौदात ओतायचं. शेंदणार कोण? बायकाच. माझ्या माळा टोपलीत पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी निजामाचे तहसीलदार येणार होते. पाटीलकीचा शिक्का बाईंकडे ठेवायचा की त्यांच्या चुलतदिराला, दगडूरावांना द्यायचा, ते गावाला विचारून ठरणार होतं.

पाटलांच्या घरी गेले. बाईंनी हात पुढे करून विचारलं, "काय म्हणत्यात बाया?"

"शिव्या देत्यात."

"कोण कोण?"

"कोण देत न्हाई ते विचारा, लवकर उरकंल."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "जनावरानं घाण केलेल्या पाण्यानं लेकरं आजारी पडत्यात. शिक्का गेला तर जाऊ दे, हुकूम मागं न्हाई घेत."

बाहेर पडले तर दगडूराव उभे. "कासारणी, उद्या चावडीवर टोपली आन. त्या लालच."

"कुणाला भरायच्या?"

"कळंल."

सकाळी चावडीच्या ओट्यावर पुरुष, खाली लिंबाच्या सावलीत बायका. दगडूरावांनी माझी टोपली उचलून पुरुषांपुढे ठेवली. "बाईचा हुकूम ज्याला पाहिजे, त्यानं ह्या भराव्या!"

पुरुष हसले. बाईंच्या बाजूनं बोलायला आलेल्यांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात कोंडाबाई उठली. "का रं दगडू? बांगडी म्हंजी शिवी हाय व्हय? तुझी माय काय हातात शिवी घालून भाकरी थापती?" ओट्यावरची टोपली तिनं ओढून घेतली आणि माझ्यापुढे हात केला. "भर गं. लाल."

तिच्यामागं सगळ्या बायका रांगेत बसल्या. घाई केली की काच फुटते आणि मनगट कापतं. मी एकेक हात दाबत राहिले. तहसीलदार बसून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "और कितने बाकी हैं?"

"सगळं गाव, सायेब," कोंडाबाई म्हणाली.

"बस. समझ गये."

शिक्का पाटलीणबाईंकडेच राहिला.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. कोंडाबाई हौदात घागर ओतत होती.

"कशा हायेत पाटलीणबाई?"

"मरू दे तिला! कंबर मोडली माझी."

हातातल्या लाल बांगड्या मात्र शाबूत होत्या.

तेव्हापासून कुण्या एका बाईच्या नावावर खपणारा माल मी अर्धी टोपलीच ठेवला. बाकीची अर्धी साधी हिरवी.