मोहपाड्याचा पूल आणि आमचा बन्सी

…तर झोळीत आमदार, बांबू खांद्यावर घेऊन पुढे कुवरसिंग, मागे त्याचा भाऊ, आणि शेजारी कमरेएवढ्या पाण्यात छत्री धरून मी. काल इथंच चहा आला आणि गोष्ट अडली, नाही का?

झोळी कशाची, ते सांगायचं राहिलं. आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मोहपाडा आहे. पाडा आणि रस्ता यांच्या मधे नाला. पावसाळ्यात आजारी माणूस असो की बाळंतीण, बांबूला बांधलेल्या गोधडीतूनच अलीकडे यायची. बन्सी, म्हणजे तुमचे बन्सीलाल आबा, तेव्हा नुकताच आमदार झाला होता. आम्ही दोघं सातवीपर्यंत एका बाकावरचे, म्हणून मलाही सोबत ओढलं. नाल्याची पाहणी करताना तो शेवाळावर घसरला, घोटा हा एवढा सुजला. पाड्यातल्या लोकांनी त्यालाही गोधडीत घातला.

मधोमध कुवरसिंग म्हणाला, "आबा, इथं पाय रुततो, म्हणून दमानं चालतो. दिवालीलाबी असंच दमानं नेलं होतं. उशीर झाला."

दिवाली त्याची बायको. दवाखाना गाठेपर्यंत तिचं पहिलं बाळ गेलं होतं.

काठावर उतरल्यावर बन्सीनं मागे वळून नाल्याकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "गिरधर, पूल होईपर्यंत या पाड्यात मी हार घेणार नाही."

मी म्हटलं, "हार नको म्हणतोस, मतं तर घेशील ना?"

तो हसला, पण शब्द पाळला. अधिवेशनाला जाताना दरवेळी केळीचा एक घड मुंबईला न्यायचा. आमदार निवासात खाटेखाली तो पिकायचा आणि वासावर सगळ्या पक्षांची माणसं यायची. दोन केळी खाल्ली की मोहपाड्याचा नाला ऐकावाच लागे! मंत्रालयातले कारकून त्याला लांबून पाहूनच म्हणत, "आले नालेवाले आबा." तरी पूल होईना. कधी जंगलाच्या जमिनीची परवानगी नाही, कधी सरकार बदललं. एकदा तर कोणी साहेब म्हणाला, नकाशात नालाच दिसत नाही.

चार वेळा बन्सी निवडून आला. पाचव्या वेळी मतदान ऑक्टोबरात, आणि आदल्या दिवशी परतीच्या पावसानं नाला फुगला. मतदान केंद्र अलीकडच्या शाळेत, मोहपाडा पलीकडे. एकही माणूस येऊ शकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बन्सीच्या ओट्यावर बसलो होतो. पाहतो तर कुवरसिंग पुढे आणि मागे अख्खा पाडा, बायका अंगावरच्या पोरांसकट. प्रत्येकाच्या हातात मतदानाचं कार्ड.

"आबा, पाणी उतरनं. आम्ही बठ्ठा उनूत. आते बटन दाबू द्या," कुवरसिंग म्हणाला. सगळे आलोत, आता मत देऊ द्या, असं त्याचं म्हणणं.

मतदान काल संपलं, पेट्या तालुक्याला गेल्या, हे त्यांना सांगायचं कोणी? बन्सीनं सगळ्यांना बसवलं, चहा पाजला, मग सांगितलं. निकाल लागला तेव्हा तो एकशे एकतीस मतांनी पडला. मोहपाड्याची मतं होती एकशे त्र्याऐंशी!

गावात जो तो टोमणा मारी. मीही सोडला नाही. "बन्सी, पूल बांधला असतास तर आज आमदार असतास."

"मग बांधायलाच पाहिजे की," तो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात मोटरसायकलवर मोहपाड्याला गेला. पडल्यावरही मुंबईला घड घेऊन जायचा. खोली नव्हती, तर मंत्रालयाच्या फाटकाशी उभा राहून केळी वाटायचा.

पुढच्या वेळी लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, त्याच्या पुढच्या वेळीही. आणि गेल्या मे महिन्यात पूल झाला! मंत्र्यांची तारीख मिळाली. बन्सीचा कार्यकर्ता भूषण मांडवाच्या मागे लागला. ठेकेदारानं दोन्ही तोंडांना डांबराची पिंपं आडवी लावली, पाटीवर पडदा टाकला.

चार दिवस बाकी असताना भरदुपारी अवकाळी आला. नाला दुथडी भरला आणि नेमक्या त्याच वेळी कुवरसिंगच्या सुनेला, हेमलताला, कळा सुरू झाल्या. जीप पुलापाशी येऊन थांबली. कुवरसिंग पिंपांकडे बघत उभा. उद्घाटन झालेलं नाही, जावं कसं? जुनी सवय, झोळीचा बांबू हातात होताच.

दिवालीबाई जीपमधून उतरली. "हाऊ पूल कोना करता शे?" हा पूल आहे तरी कोणासाठी, असं म्हणाली, आणि पिंपाला जो रेटा दिला, ते गडगडत बाजूला. तासाभरात हेमलता फैजपूरच्या दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी कुवरसिंग आणि दिवालीबाई बन्सीच्या ओट्यासमोर उभे. भूषण तापलेला. "मंत्री यायच्या आधीच पूल वापरला! आता पडदा कशाचा उघडायचा? आबांची तीस वर्षं गेली यात!"

"चूक झाली आबा. घाई होती," कुवरसिंग मान खाली घालून म्हणाला. बाजारातून घेतलेला झेंडूचा हार त्याच्या पिशवीत होता. मला दिसत होता. पण काढायची त्याची हिंमत होईना.

बन्सीनं चष्मा पुसला. कुवरसिंगकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगतो:

"कुवरसिंग, मतदानाला तू एक दिवस उशिरा आलास, पुलावर चार दिवस आधी गेलास. मंत्र्यांना मी कळवतो, उद्घाटन दिवालीबाईनं केलंय, तुम्ही नातीचे पेढे खायला या. आण तो हार."