खाकी कव्हरातला पासपोर्ट

मुलीनं आम्हा दोघांना जहाजाच्या सफरीची तिकिटं पाठवली. खाली सूचना होती: जहाज परदेशी बंदराला लागणार, आधार कार्ड चालणार नाही, पासपोर्ट हवा. बायकोनं समुद्र कधी पाहिला नव्हता. फोपनार गावच्या केळीच्या मळ्यातून लग्न होऊन ती शहरात, आमच्या लोधीपुऱ्यात आली, आणि मोठं पाणी म्हणजे तापी, एवढंच तिला ठाऊक. आम्ही अर्ज भरले, आणि ती रोज पोस्टमनची वाट पाहू लागली.

पासपोर्ट आले. मी चष्मा शोधेपर्यंत तिनं आपला देवापुढे ठेवून मागच्या बाजूला कुंकवाचं बोट टेकवलंसुद्धा. मी भयंकर चिडलो. हा सरकारी कागद आहे, नवी स्कूटर नाही, धक्क्यावरूनच परत पाठवतील, असं बरंच काही बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि चहा टाकला.

माझ्या पासपोर्टाला मात्र मी तिचा हात लागू दिला नाही. सारा जन्म मास्तरकीत गेलेला. नव्या पुस्तकाला खाकी कव्हर घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. कव्हर निघू नये म्हणून आतून भरपूर डिंक लावला.

मुंबईच्या धक्क्यावर अधिकाऱ्यानं बायकोचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला, कुंकवाकडे बघून किंचित हसला आणि शिक्का मारला. मला कव्हर काढायला सांगितलं. मी ओढलं, तर खाकी कागदाबरोबर वरची सोनेरी अक्षरंही निघून आली. त्याच्या कपाळावर आठी पडली. मोठ्या साहेबांना विचारावं लागेल, बाजूला थांबा, म्हणाला. पलीकडे गेलेल्या बायकोला मी खूण केली, तू जा.

ती परत आली. मोठे साहेब येताच शांतपणे म्हणाली, "साहेब, मास्तर आहे हे. पुस्तक दिसलं की कव्हर चढवतात. आदमी हाच आहे, चाळीस साल झाले, ओळखते मी."

साहेबांनी आतला फोटो पाहिला, मला पाहिलं आणि हसत शिक्का मारला. परतल्यावर नवा करून घ्या म्हणाले.

रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत तिची ओळख आजवर माझ्या नावानं लिहिली गेली. त्या दिवशी माझी ओळख तिनं पटवली, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. शिडी चढण्यापूर्वी मी निमूटपणे पासपोर्ट तिच्या हाती दिला. तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली. झाकण मी धरलं.