सात खाचरांची फळी

भात पिवळं पडायला लागलं की ती घटना मला हमखास आठवते. नोकरीतल्या बाकीच्या प्रकरणांची आता डोक्यात सरमिसळ होते, पण या एकाचा दिवस न् दिवस लक्षात आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तीन खेळणी हरवली होती, आणि तपास माझ्याकडे होता.

मी तेव्हा ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. तक्रार घेऊन आलेला तरुण नौपाड्यात राहणारा, आयटीतला. त्याचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. शेतीच्या यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती जमवण्याचा त्यांना छंद होता. ट्रॅक्टर, नांगर, मळणीयंत्रं, सगळी खऱ्या यंत्राच्या बरोबर बत्तीसपट लहान. काचेचं कपाट भरून होती, आणि प्रत्येकीची मूळ पेटी माळ्यावर जपून ठेवलेली. सगळे त्यांना काका म्हणत. हे काका बाथरूममध्ये पडले, डोक्याला मार लागला. शस्त्रक्रिया झाली, घशात नळी होती, बोलणं बंद. त्या धावपळीतून जरा उसंत मिळाल्यावर मुलाचं लक्ष कपाटाकडे गेलं. तीन जागा रिकाम्या होत्या. भात कापणीचं यंत्र, एक ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली.

"सर, बाबांनी लहानपणी मला त्या कपाटाला हात लावू दिला नाही," तो म्हणाला. "ते बाहेरच्या कुणाला देतील हे शक्यच नाही."

हे वाक्य मी खरं धरलं. तिथूनच सगळं चुकलं.

सोसायटीच्या वहीत, काका पडले त्याच्या आदल्या दिवशी आलेल्या एका माणसाचं नाव होतं. गाव आंबिवलीच्या पलीकडचं, टेम्पोचा नंबर, वेळ, सही. वॉचमन म्हणाला, "साहेब, तो येतो अधूनमधून. त्या दिवशी जाताना हातात पिशवी होती, काखेत प्लायवूडची फळी." स्टेशनजवळच्या एका खेळण्यांच्या दुकानदाराकडे मी चौकशी केली. कुणी विकायला आलं नव्हतं, पण त्याने ज्ञान दिलं. "साहेब, जमवणारा माणूस वस्तू सख्ख्या भावाला देत नाही. आणि पेटीशिवाय तिला किंमत नाही. चोराने पेट्या सोडल्या ना? मग चोर अडाणी आहे."

मला ते पटलं. आपलं नाव, गाव आणि गाडीचा नंबर स्वतःच्या हाताने लिहून जाणारा चोर मी सबंध नोकरीत पाहिला नव्हता, हे मात्र तेव्हा सुचलं नाही. माणसाला एक उत्तर मिळालं की तो दुसरं शोधत नाही, आणि पोलीसही माणूसच असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या गावी गेलो. चाळिशीचा, काटक माणूस. शेतीकामाचं कंत्राट घ्यायचा. स्वतःचं छोटं हार्वेस्टर होतं, हंगामात गावोगाव जाऊन भात कापून द्यायचा. तिन्ही प्रतिकृती त्याच्या पडवीतच सापडल्या, उघड्यावर. चाकांना चिखल, ट्रॉलीचा रंग खरवडलेला. शेजारी मातीने माखलेली प्लायवूडची एक मोठी फळी होती. पंचांसमोर पंचनामा केला. चौथ्या क्रमांकावर मी लिहिलं, 'प्लायवूडचा एक तुकडा, मातीने भरलेला.' सगळा मुद्देमाल जीपमध्ये घातला.

"काकांनी दिली सायेब," तो एकसारखं सांगत होता. "शेत मांडाया."

चौकीत त्याला समोर बसवलं. आमच्या हवालदार ताई लिहून घ्यायला होत्या. मी विचारलं, "शेत मांडायला म्हणजे?"

"आमची खाचरं लहान सायेब. मशीन एका खाचरातून दुसऱ्यात न्यायची तं बांध फोडावा लागतो. कुनाचा फोडायचा, कुठं फोडायचा, यावरनं भांडनं. म्हनून फलीवर मातीची शेतं करतो, आन् ही बारकी मशीन फिरवून सगल्यांना दाखवतो. वलली तं वलली. सगले हो बोलले का मगच शब्द द्यायचा."

"म्हणजे तू खेळत होतास," मी म्हणालो.

ताई हसल्या. "दाढी पांढरी व्हायला आली की तुझी. भातुकलीपण आहे का घरात?"

तो हसला नाही. "ती फली बगा ना सायेब," एवढंच म्हणाला.

फळी खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. मी मान वळवून पाहिलं. वाळलेली माती, मधूनमधून बोटभर उंचीचे बांध, काही पडलेले. "बघितली," मी म्हणालो.

त्याला मी अटक दाखवली नाही. काका शुद्धीवर येऊन बोलेपर्यंत रोज सकाळी दहाला हजर राहायचं, संध्याकाळी घरी जायचं, असं सांगितलं. कागदावर याला चौकशी म्हणतात. खरं तर ती बाकावर बसवून माणूस मऊ करायची पद्धत आहे, आणि ती मी अनेकदा वापरली आहे. सकाळी आल्यावर तो पट्टा, फोन आणि हार्वेस्टरची चावी टेबलावर ठेवायचा. चावी दिवसभर माझ्या खणात असायची.

पहिल्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "सायेब, सात जनांना शब्द दिलाय. भात उभाय."

"दुसरा ड्रायव्हर पाठव."

"नाय कुनी. आन् दुसऱ्याला वाट म्हायती नाय. एक बांध चुकला तं सातही जन काठ्या घेऊन येतील."

मी म्हणालो, "मग खरं सांग आणि जा."

"खरंच सांगतोय ना."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन सारखा वाजत होता. मी तो उचलू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं. तो बाकावरून उठून खिडकीपाशी जायचा, परत येऊन बसायचा. दुपारी पाऊस सुरू झाला तेव्हा तो उठला नाही. बसूनच राहिला. मी समोर दुसऱ्या एका प्रकरणाचे कागद बघत होतो, निदान बघतोय असं दाखवत होतो.

त्याच दुपारी ताई मुद्देमालाला नंबराच्या चिठ्ठ्या लावत होत्या. मातीवर चिठ्ठी चिकटेना, म्हणून त्यांनी फळी उलटी केली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "इकडे काहीतरी लिहिलंय."

फळीच्या मागे पेन्सिलीने, टूलरूममधल्या माणसाच्या सुबक अक्षरात, सात नावं होती. प्रत्येक नावापुढे खाचराची लांबी-रुंदी, खाली तीच मापं बत्तीसने भागलेली. बांध कुठे उघडायचा तिथे बाणाची खूण. खाली तारीख, काका पडले त्याच्या आदल्या दिवसाची. सही. आणि दोन ओळी: 'मॉडेल तीन, कापणी होईपर्यंत तुझ्याकडे. चाकं पुसू नकोस, चिखलासकट बघायचीत मला.'

मुलाला बोलावून अक्षर दाखवलं. त्याने एकदाच पाहिलं. "बाबांचंच आहे," तो म्हणाला.

मी खण उघडून चावी दिली. "चूक झाली आमची," असं काहीतरी पुटपुटलो. आमची म्हणालो, माझी म्हणालो नाही. त्याने पट्टा बांधला, बाहेर पाऊस बघितला, आणि रिक्षाला हात न करता स्टेशनच्या दिशेने चालत गेला.

पावसाने भात आडवं पडलं. ओल्या खाचरात हार्वेस्टर रुततं, आडवं भात त्याला धड कापताही येत नाही. सातही जणांनी मिळेल तिथून माणसं आणून विळ्यांनी कापून घेतलं, तोवर बरंच कुजलं होतं. त्याने शब्द मोडला, एवढंच गावाला दिसलं. पोलिसांनी बसवून ठेवलं होतं हे कळल्यावर तर आणखीच वाईट झालं. शेतीकामाच्या कंत्राटात कागद नसतो, पाळी असते. कुणाचं शेत कितवं, हे एकदा ठरलं की ठरलं. ती एकदा चुकवणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही.

पुढच्या आठवड्यात काकांची नळी निघाली. जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो, मुलगाही होता. काकांचा आवाज घोगरा होता. मी कोण हे सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, "चौथ्या खाचराचा बांध कुठून फोडला त्याने? मी उजवीकडून सांगितलं होतं."

मुलानेच सगळं सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"मला कधी हात लावू दिला नाहीत, बाबा," मुलगा शेवटी म्हणाला. "मला काय माहीत."

"तुला खेळायला हवी होती रे," काका म्हणाले. "द्यायला हवी होती तुला. तेव्हा कळलं नाही."

तक्रार गैरसमजातून झाली होती, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. कागद बंद झाला. तिन्ही प्रतिकृती परत देताना ताई फडकं घेऊन चाकं पुसायला बसल्या होत्या, त्यांना मी थांबवलं. ती आजही त्या कपाटात चिखलासकट आहेत.

मुलाला घेऊन मी त्या गावी गेलो. देवळाच्या ओट्यावर सातही जणांना बोलावलं आणि सांगितलं की याने शब्द मोडला नाही, मी मोडायला लावला. गणवेशात उभं राहून असं बोलायची मला सवय नव्हती. एक म्हातारा म्हणाला, "आता बोलून काय, सायेब. भात गेला तो गेला." कंत्राटदाराने मात्र मी निघताना मला चहा दिला. मी पिऊन संपवला, कारण नाही म्हणायचा अधिकार मला नव्हता.

काही वर्षांनी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारणं बरीच होती. त्यात हेही होतं, आणि हे मी बायकोलाही आज लिहून झाल्यावरच सांगणार आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की पंचनामा करताना वस्तू उलटून बघा. ते वहीत लिहून घेतात. खरं त्याहून साधं आहे आणि सांगायला लाज वाटते. त्या माणसाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'फळी बघा.' मी 'बघितली' म्हणालो, म्हणून मागचं लिहिलेलंही मी वाचलंय असं त्याने धरलं. मी खुर्चीतून उठलो नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आंबिवलीला उतरतो आणि त्याच्या गावी जातो. काकांना आता गुडघ्यांमुळे जमत नाही, मापांचा कागद आणि ते तीन नग घेऊन त्यांचा मुलगा येतो. ओट्यावर फळी मांडली जाते, मी ओली माती मळून देतो, कंत्राटदार बांध घालतो. पूर्वी फळीवर सात खाचरं असायची. माझ्या माफीनंतर दोघे जण त्याच्याकडे परत आले. बाकीचे पाच अजून आले नाहीत. माती मात्र मी दरवर्षी सात खाचरांना पुरेल एवढी मळतो. उरते ती तो बाजूला ठेवतो.